ताम्हनाखालची चिठ्ठी

२ मे २०१७, मंगळवार

हे आज आपणहून म्हणाले, "शिंप्याकडे जायचंय." मी कणीक मळत होते. हात तसाच राहिला!

झालं असं. नील ऑफिसातून परस्पर इकडे आला, अश्लेषाही बरोबर. टेबलावर जाडजूड पाकीट ठेवलं. "उघड ना आई." आत बोटीची तिकिटं. अलास्काची! आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून मुलाकडून आणि सुनेकडून भेट. दहा जूनला व्हँकुव्हरहून निघायचं, सात रात्री, चौघांनी. बर्फाचे डोंगर बघायचे म्हणे. मी म्हटलं, "बर्फ बघायला एवढ्या लांब कशाला? माझा फ्रीज साफ करायला ये उद्या." अश्लेषा हसली. नीलनं कपाळाला हात लावला.

मला वाटलं हे नकोच म्हणणार. उभा जन्म इथे सिंगापुरात हार्बरफ्रंटला बोटींच्या एजंटाकडे हिशेब लिहिले, पण पुलाउ उबीन बेटाची होडी सोडली तर पाण्यावर पाऊल टाकलं नाही. आणि चारचौघांत थाटाचं जेवण म्हटलं की ह्यांचं ठरलेलं उत्तर — "घरी संकष्टी आहे." संकष्टी असो नसो! तीस वर्षं ऑफिसच्या एकाही डिनरला गेले नाहीत.

तर ह्यांनी चष्मा लावून सगळे कागद वाचले आणि एकच विचारलं — "फॉर्मल नाइट असते ना ह्यात?"

"असते की बाबा. गळ्यात बो-बिव लावून. बट यू डोन्ट हॅव टू गो ला." नीलच्या प्रत्येक वाक्याला इथलं ते ‘ला’!

"जायचंय. काळा डिनर सूट शिवायचा."

मला जेवण गेलं नाही. का ते कुणी विचारलं नाही. बरं झालं.

६ मे, शनिवार

हाय स्ट्रीटवरच्या म्हाताऱ्या सिंधी शिंप्याकडे जाऊन आलो. दुकानात पंखा आमच्या वयाचा. "अब कौन पहनता है, साब?" म्हणाला. पूर्वी डिसेंबर आला की वीस-वीस शिवायचा, गेल्या वर्षी दोनच. त्यातला एक जादूगाराचा!

शिलाई-कापड मिळून सातशे डॉलर. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. हे माझ्याकडे बघत उभे — आता ही घासाघीस करणार! मी चकार शब्द काढला नाही. शिंप्यालाच बिचाऱ्याला चुकल्यासारखं झालं असावं. आपणहून वीस कमी केले.

माप देताना हे ताठ उभे होते. पोट आत घेतलेलं. शिंपी म्हणाला, "साब, साँस लो, वरना कोट भी साँस नहीं लेगा."

मी हसले. मग तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

७ मे

हिशेबाच्या वहीत सूट ‘किरकोळ’खाली लिहिला. मग खोडून ‘घर’खाली. मग नुसतंच लिहिलं — ‘ह्यांचा कोट’.

१४ मे, रविवार. संकष्टी

चंद्रोदय ९.४०. हे मोबाइलवर बघतात आता, तरी चिठ्ठीवर लिहून ताम्हनाखाली सारतात. जुनी सवय. आम्ही इथे आलो तेव्हा पुण्याहून येणाऱ्या दिनदर्शिकेत चंद्रोदय पुण्याचा, तो इथे काय कामाचा? ह्यांच्या ऑफिसात बोटींसाठी भरती-ओहोटीचे तक्ते असायचे, त्यात इथल्या चंद्राच्या वेळा. हे दर संकष्टीला वेळ उतरवून आणायचे. बसचं तिकीट, पाकिटाचा तुकडा, हाताला लागेल तो कागद. देवासमोरचं ताम्हन उचलायचं, खाली चिठ्ठी सारायची. मी संध्याकाळी दिवा लावला की काढून वाचायची. नवराबायकोत ह्याहून जास्त चिठ्ठीचपाटी आमच्यात झाली नाही.

आज लिहूनच टाकते. तीस वर्षं पोटात आहे. इथे कोण वाचतंय!

सत्त्याऐंशीचा डिसेंबर. ह्यांच्या कंपनीचं वर्षाअखेरचं मोठं डिनर, हॉटेलात. पहिल्यांदाच बायकांसकट बोलावणं. निमंत्रणाचं कार्ड आलं आणि त्याबरोबर एक वेगळी छोटी चिठ्ठी. कार्ड ह्यांनी वाचलं. चिठ्ठी पाकिटाच्या तळाशी चिकटून राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी माझ्या हाती आली. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण तेवढं इंग्रजी कळतं! लिहिलं होतं — पुरुषांनी काळा डिनर सूट आणि बो, नाहीतर आपापल्या देशाचा पोशाख. दुसऱ्या कपड्यात आत सोडणार नाही.

मी ती ह्यांना दाखवली नाही.

कारण तारीख बघितली तर अंगारकी! वर्षातून एखाद-दुसरी येणारी. मला नैवेद्य करायचा, चंद्र बघून उपास सोडायचा, आणि तिथे दारू, नाच, ताटात काय काय. मी ती चिठ्ठी ताम्हनाखाली सारली आणि म्हटलं, "गणराया, तूच बघ बाबा." असं म्हणून हात झटकले. पाप म्हणजे दुसरं काय असतं?

आणि पैशाचाही प्रश्न नव्हता. समोरच्या ब्लॉकमध्ये विश्वासराव राहायचे, ह्यांच्याच अंगाचे, त्यांचा बंद गळ्याचा सुंदर कोट कपाटात लटकत होता. मागितला असता तर इस्त्री करून दिला असता.

अंगारकीचा दिवस. मोदक करून झाकून ठेवले, नीलला शेजारी सोडलं. मी नवी डाळिंबी नारायणपेठ नेसले, हे ऑफिसच्याच पँट-शर्टात, पट्ट्यापट्ट्यांचा टाय. हॉटेलच्या दाराशी माणसानं ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मला म्हणाला, "मॅडम कॅन गो इन. सर, सॉरी." मागे ह्यांच्या ऑफिसची माणसं काळे कोट घालून रांगेत. सगळ्यांनी बघितलं. हे म्हणाले, "इट्स ऑल राइट." आणि माझं कोपर धरून वळले.

बस पकडली. घरी आलो, चंद्र बघितला, जेवलो. हे मोदक खात राहिले. मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून गिळताहेत!

जेवण झाल्यावर हळूच ताम्हन उचललं — खाली काही नाही. निर्माल्य गोळा करताना त्यातच गेली असणार. ह्यांच्या हाती लागली नसणार हे नक्की, कारण त्या दिवशी ह्यांनी चंद्रोदयाची चिठ्ठी ठेवलीच नव्हती. निघायच्या गडबडीत तोंडीच सांगितलं होतं, "नऊ बावन्न." म्हणजे ताम्हन उचललंच नव्हतं. ह्या एका आधारावर मी तीस वर्षं काढली.

२३ मे, मंगळवार

सूट आला. हे आरशासमोर. बो बांधायला मोबाइलवरचा व्हिडिओ लावून बसलेत, पाच वेळा सुटला, सहाव्यांदा वाकडा बसला. "कसा दिसतो?" मी म्हटलं, "बँडवाल्यांचे मालक!" खूश झाले! खरं म्हणजे राजबिंडे दिसत होते. मी कुठे तोंडावर बोलते.

२७ मे, शनिवार

आता ह्याला काय म्हणायचं! गणपतीची थट्टा?

नीलनं बोटीकडून आलेला कागद छापून माझ्याकडे दिला — घरातले सगळे कागद फायलीत मी लावते म्हणून. लिहिलंय, ह्या मोसमापासून फॉर्मल नाइट बंद. त्या रात्री ज्यांना हौस असेल त्यांनी सजून यावं, बाकीच्यांनी यावं तसं यावं. जीन्स चालेल!

कपड्यांचा नियम, कागदावर, पुन्हा माझ्याच हातात. ह्यांच्या आधी.

नील म्हणाला, "आई, डोन्ट टेल हिम ला. ही इज सो हॅपी."

अश्लेषा म्हणाली, "आई, सांगा त्यांना. सगळे साध्या कपड्यांत आणि बाबा एकटेच तसे उभे राहिले, तर जास्त लागेल." पोरीला काही माहीत नाही आणि नेमकं तेच बोलली.

मी कागद फायलीत विजेच्या बिलांमागे ठेवला. आधी हात देवघराकडे गेला होता. तो मागे घेतला एवढं तरी केलं.

१ जून

अजून सांगितलं नाही. हे बुटांना पॉलिश करताहेत. आठ दिवस आधी!

७ जून, बुधवार

सांगितलं!

बॅगा भरत होतो. मी साबणाच्या वड्या, राजगिऱ्याचे लाडू, छोटा गणपती, ताम्हन असं एका डब्यात बसवत होते. हे म्हणाले, "ती डाळिंबी घेतलीस का?" मी म्हटलं, "ती कशाला? जुनी झाली. शेजारच्या विनीतानं दिलेली निळी घेतलीय." "डाळिंबी घे." एवढंच. मग मला राहवेना. फाईल उघडली, कागद काढला, चहाच्या कपाबरोबर पुढे ठेवला. "दहा दिवस झाले येऊन. मीच दाखवला नाही."

ह्यांनी वाचला. दोनदा वाचला. घडी घालून परत दिला.

"ह्यात सूट घालू नये असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग झालं. चहात साखर कमी आहे."

हुश्श! मी साखर आणायला म्हणून आत गेले ती जरा वेळ आतच उभी राहिले.

८ जून

आज घरून निघालो आणि आजच व्हँकुव्हरला पोचलो! एवढा प्रवास करून तारीख तीच. नील म्हणतो जगाची रेघ ओलांडली. मी घड्याळ सिंगापूरचंच ठेवलंय. देवाचं त्या वेळेवर चालतं.

११ जून, रविवार, बोटीवर

बोट कसली, आमचा जुरोंग ईस्टचा अख्खा ब्लॉक आडवा पाडून पाण्यात सोडलाय! लिफ्ट आहेत, दुकानं आहेत, मजल्याचे नंबरसुद्धा. फक्त खाली रिकामे बाक आणि म्हातारे चिनी आजोबा नाहीत.

खोली चिमुकली पण लख्ख. आरशासमोरच्या टेबलावर गणपती ठेवला. दिवा लावायची बंदी, म्हणून विजेरीची वात. रोज येऊन खोली आवरणारी बाई टॉवेलचं माकड करून ठेवते. आज तिनं टॉवेलचा हत्ती केला आणि गणपतीशेजारी ठेवला! मी तिला एक लाडू दिला.

एक कपडा धुवायला जे पैसे मागतात त्यात घरी महिनाभराचा साबण येतो. मी न्हाणीघरातच धुऊन दोरीवर टाकले. हे म्हणाले, "चाळीस वर्षांत हनिमूनला आलो तर खोलीत बनियन लटकताहेत."

जेवणघरातले मुख्य वेंगुर्ल्याचे निघाले! लोबो नाव, साठीचे, पस्तीस वर्षं बोटींवर. माझी साडी बघून सरळ मराठीतच आले, "वैनी, तुम्ही शाकाहारी असणार. डाळ घालतो उद्यापासून, काळजी करू नका." जीव भांड्यात पडला. डाळभात मिळाला की माणूस उत्तर ध्रुवावर राहील.

सगळीकडे लोक अर्ध्या चड्डीत. बर्फ बघायला आलेत आणि अर्ध्या चड्डीत! सजण्याची रात्र परवा, मंगळवारी.

मंगळवारी! दिनदर्शिका काढून बघितली. तेरा जून. अंगारकी!

१२ जून, सोमवार

काल उशिरापर्यंत तळमळले. पुन्हा तेच — अंगारकी आणि थाटाचं जेवण एका दिवशी. आणि इथे उन्हाळ्यात रात्र होतच नाही म्हणायची, चंद्र उगवणार कधी, दिसणार कधी? अश्लेषा म्हणाली मध्यरात्र उलटून जाईल. तोवर ह्यांच्याशेजारी रिकामी ताटली घेऊन बसायचं का?

सकाळी हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. शेवटी एजंटाच्या ऑफिसातला माणूस! म्हणाले, "तुझा देव कुठल्या वेळेवर?" मी मनगट दाखवलं. "मग मंगळवारचा सूर्य आपल्या घरी उगवतो तेव्हा इथे सोमवारचे दुपारचे तीन. तीनच्या आत जेवून घे. घरी चंद्र उगवेल तेव्हा इथे उद्याचे सकाळचे सहा. तेव्हा सोड. डिनर उद्या संध्याकाळी. तोवर तुझी अंगारकी संपलेली."

मी दोनदा बोटं मोजली. बरोबर!

नील म्हणाला, "बाबा, धिस इज चीटिंग ला."

"चीटिंग कसलं? पंधरा तास ती तिथेही उपाशीच असते."

पावणेतीनला जेवून हात धुतले. बाहेर पाऊस, बोट बंदराला लागलेली, सगळे गावात फिरायला गेलेत. मी अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं केली. इतकं शांत अथर्वशीर्ष कधी झालं नव्हतं. फोन नाही, दाराची बेल नाही.

१३ जून, मंगळवार. अंगारकी

सकाळी उठले तर ताम्हनाखाली चिठ्ठी! बोटीच्या कागदावर. "चंद्रोदय घरी १०.०५, इथे ६.०५."

खिडकीतून बघितलं. चंद्र नाही, नुसतं राखाडी आभाळ आणि पाण्यात तरंगणारे बर्फाचे निळे तुकडे. आपला चंद्र आता ब्लॉकच्या टाकीमागून वर आला असणार. त्या दिशेला नमस्कार केला, ताम्हनात पळीभर पाणी सोडलं, लाडू खाल्ला. ह्यांनीही अर्धा खाल्ला.

दिवसभर सगळे वर जाऊन हिमनदी बघत होते. भिंतीएवढा बर्फ तुटून पडला तर आधी दिसला आणि मग आवाज आला. मी आपली पाच वाजल्यापासून साडी नेसायला बसले!

आता संध्याकाळचं. नीट लिहिते.

मी डाळिंबी नेसले. हे काळा सूट, पांढरा शर्ट, बो — पहिल्याच फटक्यात सरळ बसला. नीलनं कोट घातला होता, टाय नाही. अश्लेषा लांब झग्यात. जिन्यानं खाली उतरलो. जेवणघराच्या दाराशी तशीच रांग आणि आत सगळ्यांच्या अंगावर स्वेटर, जीन्स, लोकरी जाकिटं. एक म्हातारे तर घरातल्या सपाता घालून! काळा सूट म्हणून एकाच्याही अंगावर नाही. असलाच तर वाढप्यांच्या.

दाराशी हे थांबले. मीही थांबले. माझ्या कानात घण — सर, सॉरी. सर, सॉरी.

ह्यांनी माझं कोपर धरलं. "चल. तुझं राहिलं होतं."

माझं? राहिलं होतं ते ह्यांचं! पण विचारायला वेळ कुठे होता? लोबो पुढे आले, ह्यांना बघून एकदम ताठ झाले, आणि वाकून म्हणाले, "गुड इव्हनिंग, सर." दार दोन्ही हातांनी उघडलं. आम्ही आत गेलो. आत गेलो!

टेबलापर्यंत पोचतोय तोच एका गोऱ्या बाईनं — लाल लोकरी जाकीट, सत्तरीची — ह्यांना बोट करून बोलावलं. "एक्सक्यूज मी! मोअर ब्रेड, प्लीज? अँड लेमन फॉर माय वॉटर."

नील उठायला लागला. ह्यांनी त्याला हातानं बसवलं. मग काय करावं? शेजारच्या मेजावरून पावाची टोपली उचलली, लिंबाची बशी घेतली, नॅपकीन हातावर टाकला, आणि गेले की घेऊन! वाकले काय, "मॅडम" काय! ती "थँक्यू" म्हणाली. हे परत आले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले, तेव्हा तिच्या लक्षात आलं. चेहरा जाकिटाहून लाल! तिचा नवरा इतका हसला की खोकला लागला. ती उठून आली, हात जोडायचं तिला माहीत नव्हतं म्हणून ह्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाली, तिच्या नवऱ्याचाही असा सूट घरी आहे, आता लागत नाही म्हणून आणला नाही, आणि आता पश्चात्ताप होतोय.

लोबो डाळ घेऊन आले. म्हणाले, "त्यांची चूक नाही, साहेब. पूर्वी ह्या रात्री ही सगळी खोली काळी-पांढरी दिसायची. आता आम्हीच तेवढे उरलो. तुम्हाला आमच्यातलेच समजले."

हे म्हणाले, "मग टिपमधला वाटा पाठवा."

कित्येक वर्षांनी ह्यांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना बघितलं. देवा, तीस वर्षं मी ज्याला भीत होते ते हेच? चारचौघांत फजिती झाली, आणि ह्यांना मजा आली!

१४ जून, बुधवार

आज बोलून टाकलं. कालचं हसणं बघून धीर आला.

वर डेकवर आरामखुर्च्यांवर बसलो होतो, पायांवर घोंगडी. लांब एका देवमाशानं फवारा सोडला, सगळे तिकडे धावले. आम्हीच दोघं राहिलो. मी समोर बघतच सांगितलं. चिठ्ठी माझ्या हाती आली होती. वाचली होती. समजली होती. ताम्हनाखाली ठेवली. विश्वासरावांचा कोटसुद्धा आठवला होता. तुमची फजिती माझ्यामुळे.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी मनात गणपतीचं नाव घेत बसले.

मग म्हणाले, "त्या रात्री मोदक फार छान झाले होते. अकरा खाल्ले मी."

मी म्हटलं, "अहो, मी काय सांगतेय!"

"ऐकलं की. तीस वर्षं हे घेऊन बसलीस होय?" आणि घोंगडी माझ्या पायांवर ओढून दिली. "चहा सांगू?"

बस्स. रागावले नाहीत. विचारलं नाही, का केलंस. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल, आणि चहा आला! इतकं हलकं वाटतंय की बोटीबरोबर मीही डुलतेय. दुपारी दोन तास गाढ झोपले.

फक्त एक कळत नाही. मोदक अकरा खाल्ले, हे कसं लक्षात राहिलं?

२० जून, मंगळवार, घरी

पोचलो काल. बोटीवरचे न उघडलेले साबण चौदा! शेजारणींना, स्मिताला आणि विनीताला, दोन-दोन दिले, जोडीला एकेक अननसाची बर्फी. विनीता म्हणाली, "अलास्काचा साबण?" म्हटलं, "हो, बर्फानं आंघोळ."

दमट हवेत कोटाला बुरशी लागेल. ऊन पडलं की खिडकीबाहेरच्या कपडे वाळवायच्या बांबूवर टाकायचा.

२५ जून, रविवार

आज ऊन होतं. कोट बांबूवर घालण्याआधी खिसे तपासले. आतल्या खिशात एक पिवळी पडलेली छोटी चिठ्ठी. एका कोपऱ्याला कुंकवाचा डाग. छापील इंग्रजी — पुरुषांनी काळा डिनर सूट आणि बो.

तीच. सत्त्याऐंशीची.

उलटी केली. मागे पेन्सिलनं, ह्यांच्या अक्षरात — "चंद्रोदय ९.५२."

म्हणजे त्या दिवशी घरातून निघायच्या आधीच ही ह्यांच्या हातात होती. सगळं वाचून, तरी पट्ट्यापट्ट्यांचा टाय लावून निघाले होते.

हे बाहेर पेपर वाचताहेत. मी चिठ्ठी ताम्हनाखाली ठेवली, आणि मोदकांसाठी नारळ फोडायला घेतलाय. संकष्टी नाही आज. नसू दे.